जागती घोडी

माझ्या ताईच्या तबेल्यात माझ्या नावाची एक घोडी आहे. नावापुढे स्वभाव लिहायला जागा असते, तिथे ताईने लिहिलंय, "चावते, पण मनाने वाईट नाही." हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा इतकी हबकलेली होते की राग यायचाही राहून गेला. आता मला राग येणं ही रोजची गोष्ट आहे. कपडे धुवायच्या दुकानात गल्ल्यावर बसते मी, दिवसभर लोक येऊन सांगतात की हा डाग आमचा नाही, तुम्हीच पाडलात. त्यामुळे माझा राग राहून गेला म्हणजे प्रसंग काय असेल ते समजून घ्या.

पण आधी ताईबद्दल सांगते, नाहीतर वरातीमागून घोडं व्हायचं.

ताई कवळ्या करते. दातांच्या डॉक्टरांकडे म्हातारी माणसं तोंड उघडून बसतात, त्यांच्या हिरड्यांचे ठसे डबीत घालून ताईकडे येतात. ती त्यावरून प्लास्टरचा साचा करते, मेणाची हिरडी चढवते आणि त्यात एकेक दात बसवत जाते. एका जुन्या इमारतीच्या मागच्या बाजूला तिची ती खोली आहे. खिडकीखाली लांब फळी, फळीवर पॉलिशचं चाक, मेण वितळवायचा दिवा, आणि कप्प्याकप्प्यांच्या ट्रेमध्ये दात. पांढरे दात असतात असं आपल्याला वाटतं. ताई सांगते, पांढरा दात फक्त खोटा असतो. खऱ्यात पिवळा असतो, करडा असतो, खाली जरा चहाचा रंग असतो. ती माणसाला नावाने कमी आणि दातांनी जास्त ओळखते. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा पाहून ती म्हणाली होती, "समोरचा एक दात जरा आडवा आहे, पण माणूस सरळ वाटतो." त्यावर लग्न ठरलं माझं.

तिचं स्वतःचं काही ठरलं नाही. बघून गेले दोनचार जण. मग बाबा गेले, मग माईचं, म्हणजे आमच्या आईचं, दुखणं सुरू झालं, आणि एका काकूने भर बैठकीत तिला घोडनवरी म्हटलं. मी त्या काकूला तिथेच झोडपणार होते. ताईने मला हाताला धरून बसवलं आणि काकूला म्हणाली, "घोडी म्हणालात ते बरं झालं. गाढवी म्हणाला असतात तर मला वाईट वाटलं असतं." मग तिने सगळ्यांना चहा दिला. ही अशी आहे. तिच्या फोनला कुलूप नाही, तोंडाला आहे.

संध्याकाळी मी कधी तिच्याकडे डोकावले की ती फोनवर काहीतरी बोटाने पुढे सरकवत असायची. मला वाटायचं, पत्ते खेळत असेल. एकट्या बाईने काय करावं. मी विचारलंही नाही कधी. मी विचारत नाही आणि ती सांगत नाही, अशी आमची दोघींची छान गट्टी.

दादाशी मात्र तिची गट्टी नव्हती. दादा आमच्यातला मधला, ताई त्याला बाबू म्हणते. तो लिफ्ट दुरुस्त करतो. मोठाल्या इमारतींमध्ये लिफ्ट अडकली की याला फोन. हात कायम ग्रीसने काळे, खिशात कायम काळा रुमाल. भांडण झालं असतं दोघांचं तर बरं झालं असतं, मी मध्ये पडून दोघांना चार शिव्या घालून मिटवलं असतं. पण भांडण नव्हतंच. ती त्याला विचारायची, "जेवलास का?" तो म्हणायचा, "हो, तू?" संपलं. पाहुण्यांशी सुद्धा माणूस याहून जास्त बोलतो.

कारण माई.

माई हॉस्पिटलात शेवटची होती तेव्हा तिला श्वासाच्या मशीनला लावलं होतं. डॉक्टर म्हणत होते, आता यात काही राहिलेलं नाही, तुम्ही ठरवा. आम्ही ठरवत नव्हतो. माईची कवळी ताईनेच केलेली, आणि ती घाईघाईत काढताना तडकली होती. माईला दात नसताना कुणी बघितलेलं चालायचं नाही. माझ्या नवऱ्यासमोर सुद्धा ती तोंडावर पदर धरून बोलायची. ताई म्हणाली, "नळी निघाली की तिला आधी कवळी लागेल, मी जोडून आणते," आणि खोलीवर गेली. मी खाली औषधाच्या रांगेत होते. वर दादा एकटा. आणि त्याने डॉक्टरांना मान हलवून हो सांगितलं.

ताई कवळी डबीत घालून आली तेव्हा सगळं झालेलं होतं. माईच्या नाकाखाली दादाचा तो काळा ग्रीसचा रुमाल टाकलेला होता. ताईने तो दोन बोटांनी उचलला, कोपऱ्यात टाकला, आणि माईला कवळी घातली. एक अक्षर बोलली नाही. मला मात्र पुढे एकदाच म्हणाली, "मशीन बंद केलं ते केलं. पण तो रुमाल टाकायचा तिच्या तोंडावर? माझ्या माईच्या?"

इतकी वर्षं त्या रुमालाखाली गेली. तर आता त्या दिवसाकडे येते.

ताई कामावर असताना पोट धरून खाली बसली. शेजारच्या पोरीने मला फोन केला, पण माझा फोन काउंटरखाली कपड्यांच्या गठ्ठ्यात. मग तिने दादाला केला. तो जवळच एका इमारतीत काम करत होता. लिफ्ट तशीच उघडी टाकून तो धावला, ताईला उचलून गाडीत घातलं आणि हॉस्पिटलात नेलं. पित्ताची पिशवी सडली होती. लगेच ऑपरेशनला घेतलं तिला. नर्सने दादाच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी दिली: चपला, घड्याळ, चष्मा, फोन.

आणि त्या फोनवर घंटा वाजायला लागली.

लिफ्टवाल्यांचा एक नियम असतो, दादा तो धर्मासारखा पाळतो. लिफ्टमधली घंटा वाजली की हातातलं काम टाकायचं. चूक कुणाची, दरवाजा कुणी ओढला, ते सगळं नंतर. आधी घंटा थांबवायची, म्हणजे आतला जीव बाहेर काढायचा. वाजती घंटा सोडून जाणाऱ्याला त्यांच्यात कुणी हातात पाना देत नाही. आणि हा तर ऑपरेशनच्या दारासमोर बाकावर बसलेला, आधीच कासावीस.

त्याने फोन काढून पाहिला. कुठल्यातरी खेळातला एक तबेला दिसत होता. त्यात एक बुटकी, करड्या रंगाची म्हातारी घोडी मान खाली घालून उभी. वर लिहून येत होतं, "तुमची घोडी फार दमली आहे." दादाने चारा दिला. घंटा वाजतच होती. खरारा केला. तरी वाजतच होती. खाली एकच बटण उजळत होतं, "झोपवा". त्याने दाबलं. घंटा थांबली. तबेल्यात दिवा मालवला गेला, आणि दादाला बरं वाटलं. त्याने भिंतीला डोकं टेकलं.

मग पडद्यावर अक्षरं आली.

मला ताईचं कळून मी दुकान बंद करून धावतच निघणार होते, तेवढ्यात दादाच दारात उभा. पांढराफटक. मला वाटलं, संपलं. मी इस्त्रीच्या टेबलाला धरलं.

"ताई?" मी म्हटलं.

"ताई ठीक आहे. ऑपरेशन झालं. शुद्धीवर यायला वेळ आहे." तो खुर्चीत बसला. "माई गेली."

याला काही झालं का, डोक्यावर परिणाम झाला का, काही कळेना.

"दादा, माई जाऊन किती वर्षं झाली. तुला आत्ता कळलं का?"

त्याने फोन माझ्यासमोर धरला. पडद्यावर घोडीची जागा रिकामी होती आणि लिहिलं होतं, "माई शांत झोपेत गेली. मिठागरी जातीची ही शेवटची शुद्ध घोडी होती." नाव माई. रंग करडा. स्वभाव लिहायच्या जागी, "दात नाहीत, पण तोंड झाकून हसते."

मी काय सांगू. मला दातखीळ बसली. मी, जिला गिऱ्हाईक घाबरून पावती हातात धरूनच आत येतं, त्या माझ्या तोंडून शब्द फुटेना.

"मला नाव दिसलंच नाही," दादा म्हणत होता. "मोठ्या अक्षरात घोडी लिहिलं होतं, घंटा वाजत होती. मी नाव वाचलंच नाही गं."

मी फोन घेतला आणि बघायला लागले. सगळं घर होतं त्या तबेल्यात. बाबा नावाचा एक म्हातारा घोडा हिरव्या कुरणात सोडलेला. मी, ती चावणारी. एक खच्ची केलेला घोडा, नाव बाबू, स्वभाव "घाई करतो". ते मी अंगठ्याने पटकन पुढे सरकवलं, दादाने बघू नये म्हणून. माणूस आधीच मेल्याहून मेलेला, त्यात हे कशाला. ती घोडनवरी म्हणणारी काकूही होती, खेचर होती ती.

आणि फोन थरथरायला लागला. संदेशावर संदेश. "अभिनंदन." "शेवटी झोपवलीत, फार मोठं मन केलंत." "आम्ही सगळे रडतोय इथे." कोण कुठली माणसं, एकालाही मी ओळखत नव्हते, आणि ती आमच्या ताईला जातीची राखणदार म्हणत होती. आमच्या ताईला, जिला इमारतीचा वॉचमनसुद्धा वर मान करून बघत नाही. आधीच सुन्न झाले होते, त्यात अभिनंदन कसलं ते समजेना. घोडी मेली आणि हे हार घालतायत.

तेवढ्यात खोगीर नावाने कुणाचा तरी फोन आला. मी उचलला आणि माझ्या पद्धतीने विचारलं, "कोण बोलतंय, आणि घोडी मेल्याचा आनंद कसला होतोय तुम्हाला?"

पलीकडे एक म्हातारे गृहस्थ होते. आयुष्यभर शाळेची बस चालवली, आता घरी बसून घोडे सांभाळतात, असं म्हणाले. बिचारे आधी दचकले. मी ताईची बहीण हे कळल्यावर त्यांनी शांतपणे सगळं समजावलं.

मिठागरी तट्टू ही त्या खेळातली जुनी जात. खेळ चालवणाऱ्यांनी नवे तट्टू द्यायचं कधीच बंद केलं. जे आहेत त्यांच्यापासूनच पुढे वंश चालवायचा. लोकांनी हौसेने दुसऱ्या जातींत मिसळून टाकली, आणि शेवटी शुद्ध घोडे दोनचार राहिले, घोडी एकच. ताईची. ती घोडी गाभण होती. शिंगरू झालं असतं आणि मादी निघाली असती तर जात वाचली असती.

"मग अडलं कुठे?" मी विचारलं.

"ताईंनी तिला झोपवलंच नाही," ते म्हणाले. "या खेळात घोडी झोपल्याशिवाय तिचा दिवस पुढे जात नाही. वय वाढत नाही, आणि व्यायणं पण होत नाही, ते झोपेतच होतं. माई इतकी म्हातारी झाली होती की पुढची झोप शेवटची ठरणार, असं खेळातल्या डॉक्टरने सांगितलं होतं. म्हणून ताई तिला जागती ठेवायच्या. रोज चारा द्यायच्या, खरारा करायच्या, घंटा वाजली तर तिचा आवाज बंद करायच्या, आणि तशीच उभी सोडून जायच्या. आम्ही किती विनवण्या केल्या. शिंगराचा जीव अडकलाय म्हटलं, म्हातारी उभ्या उभ्या थकली म्हटलं. ताई एकच सांगायच्या, माझ्या मागे कुणी तिला झोपवायचं नाही."

मी कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसले.

"किती काळ उभी होती ती?" दादाने विचारलं. फोन मोठ्या आवाजावर होता, त्याने सगळं ऐकलं होतं.

"फार," म्हातारे म्हणाले. "आम्ही मोजायचं सोडून दिलं होतं. पण आज शिंगरू झालं हो. मादी आहे."

दादाने डोकं दोन्ही हातांत धरलं. मला दर वेळी वाटतं, आता याहून मोठा धक्का बसणार नाही, आणि दर वेळी मी चुकते. माझी शहाणी ताई, जगाच्या तोंडात दात बसवणारी, ती रोज संध्याकाळी माईला मरू देत नव्हती. आणि तिला झोपवलं कुणी, तर पुन्हा यानेच. पुन्हा ताई समोर नसताना, आणि पुन्हा तिला न विचारता.

मी लगेच ठरवलं. "हे बघ, आत्ता तिला धक्का नको. टाके आहेत. फोन पाण्यात पडला म्हणून सांगू. फुटला म्हणू. मी म्हणते, तू गप्प बस."

"नाही," दादा म्हणाला.

"दादा, आगीतून फुफाट्यात जाशील."

"जाईन." तो उठला. "पाठीमागे करायचं आणि वर लपवायचंही, तेवढा नाही मी पडलेला."

त्या रात्री तिला कुणाला भेटू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला आम्ही दोघं वॉर्डात गेलो. ताईची खाट खिडकीशी होती. अर्धा पडदा ओढलेला, शेजारच्या खाटेवरची बाई घोरत होती. ताईचा चेहरा उतरला होता, हाताला सलाइन, पण डोळे जागे. तिने आम्हाला बघितलं आणि पहिलं काय म्हणावं?

"फोन कुठंय?"

मी तोंड उघडलं, माझं पाठ केलेलं पाण्यात पडल्याचं सांगायला. दादा पुढे झाला.

"ताई, घंटा वाजत होती," तो म्हणाला. "मी झोपवलं."

मी तिच्या पोटावरच्या चादरीकडे बघत होते, ती वरखाली होतेय ना तेवढंच. खरं सांगते, मी नर्सला हाक मारायच्या तयारीत होते. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"कुणाला?" ती म्हणाली. तिला माहीत होतं कुणाला.

"माईला. मी नाव बघितलं नाही. पण झोपवलं मीच. तुला न विचारता."

ताईने डोळे मिटले. मला वाटलं, आता संपलं या दोघांचं, आता "जेवलास का" पण नाही. दादा तिथेच उभा, हातात हात घट्ट धरून. मग डोळे न उघडताच तिने विचारलं, "त्रास झाला का तिला?"

"नाही. दिवा गेला आणि ती..."

"मी घोडीचं नाही विचारत, बाबू."

दादाने खाटेची कड धरली. मी त्याला कधी रडताना पाहिलेलं नाही, बाबा गेले तेव्हा पण नाही. आता त्याला बोलताना मध्ये मध्ये थांबावं लागत होतं.

"त्या दिवशी पण घंटाच वाजत होती, ताई. त्या मशीनची. नर्स येऊन बंद करायची, परत वाजायची. माईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. डॉक्टर म्हणाले, आज नाहीतर उद्या. तू कवळी घेऊन येतेयस हे मला माहीत होतं. तेवढं थांबायला हवं होतं मी. मला ती घंटा ऐकवेना. नाही थांबलो."

"आणि तो रुमाल?" ताई म्हणाली. आता डोळे उघडे होते तिचे. "तेवढी घाई होती का झाकायची? त्या ग्रीसच्या चिंधीने?"

दादाने तिच्याकडे असं बघितलं, जणू त्याला प्रश्नच कळला नाही.

"झाकायची घाई?" तो म्हणाला. "ताई, तिच्या तोंडात दात नव्हते ना. नळी काढली आणि तोंड उघडं राहिलं. वॉर्डबॉय, डॉक्टर, सगळी परकी माणसं आत-बाहेर. तिला चालायचं का ते? माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. म्हटलं, तू कवळी घेऊन येईपर्यंत कुणाला दिसायला नको."

मी ताईकडे बघितलं. जन्मभर तोंडाला कुलूप लावलेली माझी ताई. तिचा चेहरा असा झाला होता, जणू कुणीतरी तिला भर रस्त्यात थोबाडीत मारली. इतकी वर्षं तिने तो रुमाल मनात धरला होता, आणि तो रुमाल तिच्यासारख्याच कुणीतरी टाकला होता, तिच्याच कारणासाठी. मला स्वतःचीच लाज वाटली नाही तरी चीड आली. तिघं एका घरात वाढलो आणि एकालाही एक साधा प्रश्न विचारता येऊ नये? काय करायची आहे असली शालीनता?

ताईने सलाइन नसलेला हात पुढे केला. दादाने तो धरला, ग्रीसच्या हाताने. ताई रडत होती आणि टाक्यांमुळे नीट रडताही येत नव्हतं. "हळू," ती म्हणाली, स्वतःलाच. मग नाक पुसायला काही नव्हतं म्हणून दादाने खिशातून तोच रुमाल काढला, म्हणजे तो नव्हे, पण त्याचाच भाऊ, तितकाच काळा. ताईने घेतला आणि नाक पुसलं. चेहऱ्यावर ग्रीसचा पट्टा उठला. मी हसले, मला आवरलंच नाही. नर्स आत आली आणि म्हणाली, पेशंटला हसवू नका, टाके तुटतील. मी म्हटलं, बाई, तुम्हाला काही माहीत नाही, गप्प बसा.

मग ताईने फोन मागितला. तबेल्यात माईच्या जागी एक करडं शिंगरू पाय फाकवून उभं होतं. त्याला उभं राहता येत होतं की नव्हतं याची शंकाच यावी असं. खाली नाव लिहायची जागा रिकामी. जगभरच्या माणसांनी नावं सुचवली होती, राणी काय, आशा काय, पहाट काय, एकाने तर चार ओळींची कविताच पाठवली होती. ताई ते सगळं वाचत बसली. मग एका बोटाने हळूहळू टाइप केलं आणि फोन दादाकडे दिला.

नाव: रुमाल.

"हिचा चारा, खरारा तू बघायचास," ती म्हणाली. "मी बरी झाले तरी. पण झोपवायच्या आधी मला विचारायचं."

ताई आता बरी आहे. परत कवळ्या करते. तबेला आता दादाच्याही फोनवर उघडतो. खोगीरवाले म्हातारे आठवड्याला फोन करतात आणि रुमालची चौकशी तिच्या तब्येतीच्या आधी करतात, मी त्यांना त्यावरून सुनावते. मिठागरी जात वाचेल म्हणतात. वाचू दे. मला त्यातलं काही कळत नाही, आणि माझ्या नावापुढचं "चावते" ताईने अजून खोडलेलं नाही.

पण संध्याकाळी मी तिच्या खोलीवर असले की एक गोष्ट मी बघते. काम आवरताना तिचा फोन वाजतो. कुठल्यातरी इमारतीच्या लिफ्टच्या खोलीतून दादा बोलत असतो, मागे यंत्राचा आवाज. तो विचारतो, "ताई, झोपवू का तिला?" ताई हातातला साचा खाली ठेवते. बहुतेकदा म्हणते, "झोपव." कधी कधी मात्र ती म्हणते, "थांब जरा, बाबू." का, ते सांगत नाही. तो विचारत नाही. फोन कानाला लावून तो तिकडे ग्रीसच्या वासात तसाच उभा राहतो, आणि ती सांगेपर्यंत थांबतो.